सांधेदुखी असताना टेनिस: मल्टिफिलामेंट स्ट्रिंगचा काही महिन्यांचा अनुभव

हाताचे सांधे आधीपासून दुखतात आणि टेनिस नुकतंच सुरू केलंय, अशांसाठी हे जरा सविस्तर लिहितेय. माझा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा झिजलेला आहे. खेळायला लागल्यावर काही आठवड्यांतच कोपराची बाहेरची बाजूही ठणकायला लागली. डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलं नाही. बेताने खेळा, दुखणं वाढलं की थांबा आणि मनगटाचे व्यायाम चुकवू नका, असं बजावलं. मग जे जे बदलता येण्यासारखं होतं ते बदलायचं ठरवलं. त्यात स्ट्रिंगचा नंबर पहिला लागला, कारण नवी रॅकेट घेण्यापेक्षा गटिंग, म्हणजे रॅकेटच्या जाळीच्या तारा, बदलणं कितीतरी स्वस्त पडतं.

निकाल आधीच सांगून टाकते. मऊ मल्टिफिलामेंट स्ट्रिंग (बारीक तंतू पिळून केलेली), रॅकेटवर छापलेल्या ताणाच्या खालच्या टोकाजवळ लावलेली, मला मानवली. अंगठा बरा झालेला नाही. झिजलेला सांधा स्ट्रिंगने भरून येत नाही. पण खेळून आल्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवताना जी कळ यायची ती आता क्वचितच येते, आणि कोपराची तक्रार जवळपास थांबली आहे.

माझ्या रॅकेटला कारखान्यातूनच लावून आलेली स्ट्रिंग होती. ती कोणती, किती ताणावर लावलेली, दुकानात किती काळ टांगून होती, काहीच कळायला मार्ग नव्हता. चेंडू लागला की कोरडा, टणक आवाज यायचा आणि हादरा थेट अंगठ्यात जायचा. कोर्टवरच्या जाणत्या मंडळींचा सल्ला ठरलेला: "पॉली लावा, कंट्रोल येईल." पॉली म्हणजे पॉलिएस्टरची स्ट्रिंग. एकांनी आपली पॉली लावलेली रॅकेट थोडा वेळ वापरायला दिली. मधोमध लागलेला चेंडू ठीक वाटला, पण जरा बाजूला लागला की पत्र्यावर काठी आपटावी तसा झटका कोपरापर्यंत. आणि नवशिक्याचे बरेचसे चेंडू बाजूलाच लागतात.

पॉलिएस्टर वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. १९९७ साली ब्राझीलच्या गुस्तावो कुएर्तेनने लक्झिलॉन कंपनीची पॉलिएस्टर स्ट्रिंग लावून फ्रेंच ओपन जिंकली आणि त्यानंतर व्यावसायिक टेनिसचा चेहराच बदलला. ही स्ट्रिंग गुळगुळीत आणि कडक असते. जोरात घासून मारलं की उभ्या तारा बाजूला सरकतात आणि लगेच जागेवर परततात, त्यातून चेंडूला जबरदस्त फिरक मिळते. पण त्यासाठी रॅकेट तेवढ्या वेगाने फिरवावी लागते. जो सावकाश मारतो त्याच्या वाट्याला फिरक येत नाही, कडकपणा तेवढा येतो. शिवाय पॉली ताण फार लवकर सोडते. मोठे खेळाडू प्रत्येक सामन्याला, कधी सामन्याच्या मध्येच, ताजी गटिंग केलेली रॅकेट घेतात. आपल्यासारख्यांच्या हातून पॉली तुटतच नाही, त्यामुळे ताण सुटून मेलेल्या स्ट्रिंगवर माणूस महिनोन्‌महिने खेळत राहतो. दुखऱ्या हातासाठी याहून वाईट जोडी नाही.

दुसऱ्या टोकाला नॅचरल गट. हा गाईच्या आतड्याच्या तंतूंपासून बनतो. ल्याँमधली बाबोला कंपनी १८७५ पासून या धंद्यात आहे. हातासाठी सगळ्यात मऊ आणि ताण सगळ्यात चांगला धरून ठेवणारी स्ट्रिंग आजही हीच. पण ती सगळ्यात महाग, आणि ओलावा लागला की तंतू सुटायला लागतात. ज्यांना प्राणिज वस्तू वापरायची नाही त्यांच्यासाठी प्रश्न तिथेच मिटतो. मीही त्या वाटेला गेले नाही, कारण शिकण्याच्या काळात फ्रेमच्या काठाजवळ चुकीचे चेंडू लागून महागडी स्ट्रिंग तुटण्याची धास्ती घेऊन खेळायचं नव्हतं.

या दोन्हींच्या मधली ती मल्टिफिलामेंट, बोलताना नुसती मल्टी. नायलॉनसारखे शेकडो बारीक तंतू एकत्र पिळून, मऊ पॉलियुरेथेनसारख्या द्रव्याने बांधून ही तयार करतात. टेक्निफायबरची एक्स-वन बायफेज, विल्सनची एनएक्सटी, हेडची व्हेलॉसिटी एमएलटी ही त्यातली बहुतेक ठिकाणी मिळणारी नावं. मी आधी व्हेलॉसिटी लावली, मग एक्स-वन बायफेज. व्हेलॉसिटी किंचित टणक आणि चटपटीत वाटली, बायफेज जास्त गुबगुबीत. माझ्या अंगठ्याला दुसरी अधिक रुचली. पण खरं सांगायचं तर या दोघींमधला फरक, आधीच्या स्ट्रिंगपासून मल्टीवर आल्यावर जाणवलेल्या फरकाच्या मानाने अगदीच थोडा होता. नवशिक्याने मल्टीतल्या मल्टीत कोणती, यावर फार डोकं शिणवू नये असं माझं मत झालंय.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. मऊ स्ट्रिंगबद्दल बोलताना सगळे हादऱ्याचं बोलतात, आणि हादरा कमी होतो हे खरंच आहे. पण मला मोठा फायदा दुसरीकडे झाला. मल्टी जिवंत असते, चेंडूला आपणहून ढकलते. आधी बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, चेंडू खोल टाकायला मला पूर्ण जोर लावावा लागायचा, आणि जोर लावायचा म्हणजे मूठ आवळायची. मल्टीवर तोच चेंडू अर्ध्या स्विंगमध्ये समोरच्या बाजूच्या सर्व्हिस लाइनच्या (नेट आणि बेसलाइनच्या मधल्या रेषेच्या) पुढे जाऊन पडायला लागला, आणि मूठ आपोआप सैल झाली. टेनिस एल्बो हे नाव कोपराचं असलं तरी ते दुखणं सांध्याचं नसतं. मनगट वर उचलून स्थिर धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला ज्या कंडरेने जोडलेले असतात, ती कंडरा दुखावते. मूठ जितकी घट्ट तितका हेच स्नायू सतत ताणलेले. अंगठ्याच्या सांध्याचंही तसंच. चिमटीत जोर वाढला की त्याच्यावरचा भार वाढतो. म्हणजे मऊ स्ट्रिंगने हाताला आराम दिला तो दोन बाजूंनी, आणि त्यातली पकड सैल होण्याची बाजू मला जास्त मोलाची वाटते. हे तपासायचं असेल तर दोन पॉइंटच्या मध्ये आपल्या बोटांकडे बघा. नखांची टोकं पांढरी पडलेली असतील तर तुम्ही रॅकेट गरजेपेक्षा जास्त आवळताय.

ताणाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण स्ट्रिंग योग्य घेऊनही लोक इथे फसतात. बहुतेक रॅकेटच्या गळ्यापाशी किंवा आतल्या बाजूला शिफारस केलेला ताण छापलेला असतो, सहसा पाउंडात, काही ठिकाणी किलोतही. ५० पाउंड म्हणजे साधारण २२.७ किलो. माझ्या रॅकेटवर ४८ ते ५८ असं छापलंय. ताण कमी केला की जाळी जास्त दबते, चेंडू कमी चेपतो, त्यामुळे चेंडूची ऊर्जा कमी वाया जाते आणि तो लांब जातो. हाताला मिळणारा झटकाही पसरट होतो. घट्ट जाळीवर उलट. "नवशिक्याने घट्ट लावावं, म्हणजे चेंडू बाहेर जात नाही" हा सल्ला सांधे ठणठणीत असलेल्यांना द्यावा, आमच्यासारख्यांना नको.

मी ५५ पासून सुरुवात केली, मग ५२, आता ५०. दर वेळी दोन-तीन पाउंडच उतरवले. एकदम सात-आठ पाउंड कमी केले तर चेंडू कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही, माणूस बिचकतो आणि बिचकला की परत मूठ आवळतो. ५० वर पहिले काही खेळ फोरहँड हातभर बाहेर जायचे. मग कोचने रॅकेट थोडी खालून वर न्यायला शिकवली, चेंडू जरा फिरायला लागला आणि आत पडायला लागला.

गटिंगवाल्यांनी मात्र काळजीपोटी मला दोनदा अडवलं. "ताई, ५० फार सैल होतं, ५६ तरी लावा." मी सांगितलं, "दादा, हात दुखतो, मला सैलच हवंय. मल्टी, १.३० जाडीची, उभी-आडवी दोन्हीकडे ५०." तेव्हा ते म्हणाले, "हात दुखतो हे आधी सांगायचं ना!" आणि मल्टीवर मशीनचा चिमटा फार आवळायचा नाही, आडव्या तारा ओवताना सावकाश ओढायच्या, नाहीतर घासून तंतू पोळतात, हे सगळं दाखवत त्यांनी काम केलं. तेव्हा दुखणं कुठलं, खेळता किती, हे गटिंगला देतानाच सांगा. आणि ताणाचा आकडा तारखेसह कागदाच्या पट्टीवर लिहून रॅकेटच्या गळ्याला चिकटवा, पुढच्या वेळी तुलना करता येते.

जाडीचं थोडक्यात: १६ गेज म्हणजे साधारण १.३० मिलिमीटर, १७ म्हणजे साधारण १.२५. बारीक स्ट्रिंग किंचित मऊ वाटते पण लवकर तुटते. मी १.३० वरच राहिले.

मल्टीच्या उणिवाही सांगायला हव्यात. पहिली म्हणजे ताण पहिल्याच दिवसात थोडा उतरतो, त्यामुळे नव्या गटिंगचा पहिला खेळ आणि तिसरा खेळ सारखा नसतो. दुसरी, तारा सरकतात. पॉलीच्या तारा स्वतःहून जागेवर येतात, मल्टीच्या येत नाहीत. पॉइंट संपला की बोटांनी सरळ करत बसावं लागतं. मला त्याची सवय झाली, उलट त्या निमित्ताने हाताला दोन श्वासांची विश्रांती मिळते. तिसरी, तंतू उसवतात. काही आठवड्यांनी जाळीच्या मधल्या भागात, जिथे उभी तार आडवीवर घासते, तिथे बारीक पांढरी लव उठते. बोट फिरवलं की खरखरीत लागते. पहिल्यांदा बघून वाटतं की आता तुटली, पण तसं नसतं. लव आल्यावरही बराच काळ छान खेळता येतं. तारेला खाच पडून ती निम्मी बारीक दिसायला लागली की मग तुटण्याची वेळ जवळ आली समजावं.

न तुटताही बदलायची कधी? आठवड्यात जितक्या वेळा खेळता, वर्षात तितक्या वेळा गटिंग करा, हा जुना हिशेब साधारण खेळाडूला पुरतो. मी मात्र हातावरून ठरवते. त्याच ठिकाणी लागलेला चेंडू आधीपेक्षा मंद वाटायला लागला आणि मला नकळत जोर लावावा लागतोय असं जाणवलं की गटिंगला देते. रॅकेट उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, उष्णतेने ताण झपाट्याने उतरतो.

डॅम्पनर, म्हणजे तारांमध्ये अडकवायचं ते रबरी बटण, यावर दुखणाऱ्या लोकांचा फार विश्वास असतो. त्याने तारांची टणटण बंद होते, आवाज गोड येतो, बस. हाताला जाणवणारं कंपन फ्रेमचं असतं आणि एवढ्याशा रबराने ते थांबत नाही. आवाज आवडत असेल तर जरूर लावा, कोपरासाठी लावू नका.

फ्रेमबद्दलही एक सांगायचंय. नवशिक्यांच्या हातात सहसा खूप हलकी आणि खूप कडक रॅकेट दिली जाते. हलकी रॅकेट उचलायला बरी, पण आदळणाऱ्या चेंडूपुढे ती स्वतः कमी टिकते आणि उरलेला भार हातावर येतो. फ्रेमचा कडकपणा आरए या आकड्यात देतात. सत्तरच्या पुढची फ्रेम कडक मानतात, पासष्टच्या खालची हाताला सोसवते. कडक फ्रेम आधीच घेतली असेल तर स्ट्रिंग मऊ लावण्याची गरज आणखी वाढते.

माझ्या सुधारणेचं सगळं श्रेय स्ट्रिंगला देणं मात्र चुकीचं ठरेल. याच काळात मी बॅकहँड दोन्ही हातांनी मारायला लागले, मनगटाचे व्यायाम नियमित केले, आणि सरावाला हिरव्या ठिपक्याचे चेंडू घेतले. हे नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे २५ टक्के मंद असतात आणि मोठ्यांनी वापरायला अजिबात हरकत नसते. तरी स्ट्रिंगचा वाटा मला वेगळा कळला तो एका कारणाने. माझी रॅकेट गटिंगला गेलेली असताना त्याच मॉडेलची, जुनी टणक स्ट्रिंग असलेली रॅकेट घेऊन खेळले. व्यायाम तोच, बॅकहँड तोच, चेंडू तेच. थोड्याच वेळात मूठ आवळली गेली आणि रात्री अंगठा बोलायला लागला.

जे जोरात मारतात आणि ज्यांची मल्टी दोन-चार आठवड्यांतच तुटते, त्यांना हा खर्च परवडणार नाही. त्यांनी साधा सिंथेटिक गट, म्हणजे एकसंध नायलॉनचा गाभा आणि वर पातळ वेढे असलेली स्ट्रिंग, कमी ताणावर लावून बघावी. मल्टीइतकी मऊ नाही, पण पॉलीपेक्षा हाताला खूप बरी आणि सगळ्यात स्वस्त. आणि फिरकीसाठी पॉली हवीच असेल तर कोपर पूर्ण शांत झाल्यावर, फक्त उभ्या किंवा फक्त आडव्या तारांत, दुसरीकडे मल्टी ठेवून. कोपर दुखत असताना तेही नको.