मराठीत पॉइंट-अँड-क्लिक गेम करायचाय? एजीएस, गोडो की ट्वाइन

ठाण्यात तलावपाळीच्या कठड्याला टेकून एक मुलगा उभा आहे. खिशात गंजलेली किल्ली, आणि ती कुठल्या कुलपाची हे त्याला शोधायचंय. मागे मासुंदा तलाव, पाण्यात बांधून ठेवलेल्या बोटी, एका बाजूला गडकरी रंगायतन. मला जुन्या वळणाचा गेम करायचा होता : चित्रात क्लिक करत गोष्ट उलगडायची आणि खाली 'उघड', 'घे' अशी क्रियापदांची बटणं. म्हणून ही एकच रूम, म्हणजे गेममधली एक जागा, मी गेम बनवायच्या तीन फुकट साधनांवर करून पाहिली. तुम्हीही निवडीपाशी अडला असाल, तर सगळ्यात आधी एक ठरवा : गेममधली माणसं कुठल्या भाषेत बोलणार?

अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ, म्हणजे एजीएस, याच कामासाठी जन्माला आलं. क्रिस जोन्स यांनी 1997 मध्ये ते डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीसाठी काढलं. 2011 पासून त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे. तलावपाळीचं 320 बाय 180 पिक्सेलचं चित्र आत घ्यायचं आणि त्यावर ब्रशने रंगवत जायचं : इथे चालता येतं, इथे क्लिक होतं, या झाडाच्या बुंध्यामागे माणूस झाकला जातो. कठड्याकडे जाताना मुलगा लहान दिसावा म्हणून चालण्याच्या जागेला स्केलिंग दिलं, वर 70 टक्के आणि खाली 100. तेवढ्यानेच चित्राला खोली आली. पहिल्याच संध्याकाळी मुलगा चालायला लागला, तो आनंद मला दुसऱ्या कुठल्या साधनाने इतक्या लवकर दिला नाही. एडिटर मात्र विंडोजवरच चालतो.

अडतं ते देवनागरीपाशी. एजीएसमध्ये 3.6 आवृत्तीपासून युनिकोड आहे, म्हणजे मराठी अक्षरं चालतात, पण अक्षरं एकामागून एक सुटी मांडली जातात, जोडली जात नाहीत. 'किल्ली' लिहिलं की पहिली वेलांटी 'क'च्या नंतर येते आणि 'ल्ल'मधला हलन्त उघडा पडतो. ज्या वस्तूवर सगळी गोष्ट उभी आहे, तिचंच नाव धड वाचता येत नाही. वीसेक वाक्यं असतील तर प्रत्येकाचं चित्र करून लावता येईल. चारशे वाक्यांना ते जमणार नाही. डीटीपीवाल्यांच्या कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अर्धी अक्षरं आणि मात्रा वेगळ्या कळांवर असतात, त्यामुळे जोडणीची गरजच पडत नाही. पण मग तुमची स्क्रिप्ट एडिटरमध्ये रोमन अक्षरांचा गुंता दिसते आणि शुद्धलेखन तपासणं अवघड होतं.

गोडो 4 या गेम इंजिनमध्ये हा प्रश्न नाही. त्यात अक्षरजोडणी हार्फबझ नावाचा तयार कोड करतो, त्यामुळे नीट देवनागरी फॉन्ट दिला की 'क्षणभर थांब' तसंच दिसतं. त्यावर पोपोचिऊ नावाचं अ‍ॅड-ऑन घालायचं : रूम, प्रॉप (रूममधल्या वस्तू), हॉटस्पॉट (क्लिक होणाऱ्या जागा), इन्व्हेंटरी (जवळच्या वस्तूंची पिशवी), सगळी एजीएसच्या वळणाची व्यवस्था त्यात आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. किंमत वेळेची. गोडो सगळ्या प्रकारच्या गेमचं इंजिन आहे, त्यामुळे नोड आणि सीन, म्हणजे ज्या तुकड्यांतून त्यात गेम रचतात ते, समजायला मला तीन शनिवार-रविवार लागले.

जुन्या गेमसारख्या नऊ क्रियापदांच्या बटणांचे तयार साचे एजीएस आणि पोपोचिऊ दोन्हीकडे मिळतात, पण त्यांच्या वाक्याची जुळणी इंग्रजी आहे : आधी क्रियापद, मग वस्तू. आपण म्हणतो 'किल्लीने पेटी उघड'. क्रियापद शेवटी, आणि किल्लीला 'ने' लागतो. मी प्रत्येक वस्तूला दोन नावं दिली, 'किल्ली' आणि 'किल्लीने', आणि वाक्य जुळवणारा भाग उलटा लिहिला. हे काम कुठलंही साधन आपल्यासाठी करून ठेवत नाही. आज्ञा टाइप करायच्या निव्वळ मजकुराच्या गेममध्ये तर विभक्तीचा प्रत्येक प्रत्यय ओळखावा लागतो, म्हणून पहिल्या प्रयत्नात त्या वाटेला जाऊ नका.

ट्वाइनमध्ये चालणारा माणूस नाही, नुसते परिच्छेद आणि दुवे. ते ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे मराठी बिनचूक दिसतं. कळवा ते सीएसएमटी लोकलमध्ये बसायला मिळालं तर फोनवरही दोन परिच्छेद जोडता येतात. मी कोडी तपासायला ते वापरतो : किल्ली मिळण्याआधी पेटीपाशी पोचलो तर गोष्ट अडते का? चित्रं काढायच्या आधी हे कळलेलं बरं. मात्र ब्राउझरचा डेटा पुसला की गोष्टही जाते, म्हणून रोज फाइल उतरवून ठेवा.

संवाद इंग्रजी असतील, किंवा गेम जवळजवळ मुका असेल, तर बिनधास्त एजीएस घ्या. मराठी बोलणारा गेम हवा असेल तर गोडो, शिकायला वेळ गेला तरी. माझी तलावपाळी आता गोडोत आहे. मुलगा 'ही किल्ली आजोबांची' म्हणतो, आणि त्यातला 'ल्ल' जोडलेला दिसतो.