सेकंडहँड ऑफिस पीसी अन् ‘आउट ऑफ मेमरी’चा ताप: पोळ्यापासून नवतप्यापर्यंत वापरून

मशीन कोणतं ते थोडक्यात सांगतो, कारण हे डबे सगळ्यांनीच पाह्यले आहेत. ऑफिसातून निघालेला छोटा टॉवर, आय५-८५०० प्रोसेसर, आधीची ८ जीबी रॅम, वरून नागपूरच्या दुकानातून नवीन ८ जीबीची स्टिक टाकून घेतली, २५६ ची एसएसडी, अन् वेगळी पॉवर केबल न लागणारं १६५० ग्राफिक कार्ड. राहतो दारव्ह्याजवळ खेड्यात. दिवसा याच्यावर सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, पोरांचे स्कॉलरशिपचे अर्ज, अन् रात्री जेवण झालं की ट्रकचा गेम. त्या पैशात नवा लॅपटॉप कामाचा येतच नव्हता, म्हणून हे घेतलं अन् बरोबर घेतलं असं आजही म्हणतो. पण मधात जे झालं ते लिहिलंच पाहिजे, कारण मेमरीचा एरर आला की रॅम वाढव हा एकच सल्ला जो तो देऊन राहिला, अन् लोक ऐकून पैसे घालून राहिले.

सुरुवातीला गेम लोण्यासारखा चालला. मग मॅपचे मॉड (लोकांनी बनवलेल्या जोडफाइली) टाकले, आपल्याकडचे ट्रक टाकले, अन् तेव्हापासून अर्धा-पाऊण तास झाला की गाडी चालता चालता चित्र गोठायचं, आवाज अडकायचा, गेम गायब अन् डेस्कटॉपवर बारकी खिडकी, आउट ऑफ मेमरी. टास्क मॅनेजर उघडून पाह्यलं तर १६ पैकी ११-१२ जीबीच वापरात. चार जीबी मोकळी पडली आहे अन् हा म्हणतो मेमरी संपली! दुकानात फोन केला तर तिकडून उत्तर, "भाऊ, १६ मधी नाही भागत, ३२ करून घ्या."

आता इथं नीट लक्ष द्या. टास्क मॅनेजरच्या मेमरीवाल्या पानावर खाली ‘कमिटेड’ म्हणून एक आकडा असतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. माझ्याकडे तिथं दिसून राहिलं होतं १५.६/१५.८ जीबी. विंडोजचा हिशेब असा आहे की प्रोग्रॅमनं मेमरी मागितली की ती वापरो न वापरो, तेवढी देण्याची हमी विंडोजला त्याच वेळी द्यावी लागते, अन् अशी एकूण हमी रॅम अधिक पेजफाइल (रॅमच्या जोडीला डिस्कवर ठेवलेली फाइल) याच्या पलीकडे जात नाही. गेम मागून ठेवतो जास्त अन् वापरतो कमी. म्हणून रॅम मोकळी दिसते पण हमीचा कोटा संपलेला असतो, पुढची मागणी फेटाळली जाते अन् गेम पडतो. मग पेजफाइल किती आहे ते पाह्यलं तर चक्क बंद! दुकानातल्या पोरानं विंडोज टाकतानाच बंद करून दिली होती. विचारलं काऊन बाप्पा, तर म्हणे एसएसडी लवकर खराब होते.

या गोष्टीचा मला अजूनही संताप येतो, म्हणून हिशेबच मांडतो. सॅमसंगच्या ९७० इव्होचा २५० जीबीवाला मॉडेल घ्या, त्याला कंपनीची १५० टेराबाइट लिहायची हमी आहे. पेजफाइलनं रोज २० जीबी लिहिलं, अन् एवढं लिहीतही नाही, तरी १५० टेराबाइट व्हायला वीस वर्ष लागतील. वीस वर्ष! आपल्या बारक्या एसएसडीची हमी त्याच्या निम्मी धरा, तरी दहा वर्ष झाली, तोवर हे मशीनच राहणार नाही. अन् त्या न होणाऱ्या नुकसानासाठी गिऱ्हाइकाचा गेम पाडायचा, वरून त्यालाच १६ जीबी अजून विकायची! किती खेड्यापाड्यातल्या पोरांनी या सेटिंगपायी बापाकडून रॅमचे पैसे मागून नेले असतील याचा विचार केला की डोकं फिरते.

उपाय फुकट आहे. रनमध्ये सिस्टिमच्या प्रॉपर्टीज उघडायच्या, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सच्या सेटिंग, परत ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी, अन् सगळ्यात वरच्या ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’च्या चौकटीत टिक करून रिस्टार्ट. सी ड्राइव्हला २०-२५ जीबी जागा मोकळी ठेवा. खात्री करायची असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, रिसोर्स एग्झॉस्शनची २००४ नंबरची नोंद शोधा, कोणत्या प्रोग्रॅमनं किती मेमरी अडवली ते नावासकट लिहिलेलं असते. टिक केली अन् त्या रात्री गेम एकदाही पडला नाही, पुढं थंडीभर नाही.

इथपर्यंतचं मी फेब्रुवारीत लिहून ठेवलं होतं अन् पाचपैकी साडेचार द्यायचं ठरवलं होतं. मग उन्हाळा लागला.

एप्रिलच्या शेवटी गेम परत पडायला लागला, पण यावेळी रंग वेगळा होता. आउट ऑफ मेमरी नाही, कमिटेडचा आकडा निम्म्यावर, अन् गेम कोणताही मेसेज न देता गुल. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲक्सेस व्हायोलेशन (मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याचा एरर), अन् दर वेळी फॉल्टिंग मॉड्यूलचं, म्हणजे ज्या फाइलीत गडबड झाली तिचं, नाव निराळं. एकदा गेमचीच फाइल, एकदा ग्राफिकचा ड्रायव्हर, एकदा विंडोजची. चोर दर वेळी बदलून राहिला की समजायचं दोष बहुतेक खाली हार्डवेअरमध्ये आहे. एका मॉडची झिप उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला डेटा बिघडल्याचा) आला, तीच झिप परत उघडली तर नीट उघडली. अन् एका दुपारी पीकविम्याचा फॉर्म भरता भरता निळा स्क्रीन, मेमरी मॅनेजमेंट. शेतकरी समोर बसला आहे अन् फॉर्म गेला. तेव्हा हा गेमचा प्रश्न राह्यला नाही.

विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट म्हणाली सगळं ठीक. मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाकलं, फुकट आहे, मशीन त्याच्यावरूनच सुरू होते. सकाळी लावलं, चारही पास (टेस्टच्या फेऱ्या) हिरवे. दुपारी तीनला लावलं, टिनाचं छप्पर, बाहेर ४४-४५, अन् तिसऱ्या पासला एररच्या लाल ओळी यायला लागल्या. रॅममधला एक एक बिट म्हणजे चार्ज साठवणारा बारका कपॅसिटर असतो, त्याचा चार्ज गळत राहतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो परत भरावा लागतो. गरमी वाढली की गळती वाढते, अन् एखादा कपॅसिटर कमजोर असला की भरायच्या आतच रिकामा. आपल्या इकडच्या मे महिन्यात तो उघडा पडतो, एसीत बसलेल्याला वर्षभर कळणार नाही.

पुढं एक एक स्टिक काढून टेस्ट घ्या, स्लॉट बदलून घ्या. पट्टीच्या सोनेरी दातांवर कूलरच्या दमट हवेनं काळपट थर आला होता, तो खोडरबरनं हलक्या हातानं पुसला, तरी एरर गेला नाही. ऑफिसातून आलेली जुनी स्टिक कोणत्याही स्लॉटमध्ये साफ, नवीवाली दोन्ही स्लॉटमध्ये लाल. म्हणजे बोर्ड चांगला, स्टिक खराब.

आता वॉरंटी. बिलावर स्टिकची लाइफटाइम वॉरंटी लिहिलेली. दुकानदार आधी म्हणे गेम चालत नाही म्हणून आम्ही रॅम नाही बदलून देत. लाल ओळींचा फोटो दाखवला तर त्यानं काउंटरवरच्या मशीनमध्ये स्टिक लावली, एसी फुल, टेस्ट पास! मी म्हटलं मागं रिपेअरिंगच्या खोलीत लावा, मी बसतो. तिथं भिंतीला टेकून बसलो, दुपार गेली, शेवटच्या पासला लाल. तेव्हा मान्य केलं. मग नवीन खेळ, "बिलाचे पैसे वापस घेऊन जा." काऊन? कारण एआयच्या सर्व्हरांनी मेमरी उचलून २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढले, त्यात माझ्या जुन्या बिलाच्या पैशात ८ जीबी येतच नव्हती! पैसे घेतले असते तर वॉरंटी असून मीच लुटल्या गेलो असतो. म्हणून हटलो नाही, स्टिकच्या बदल्यात स्टिक. शेवटी २६६६ स्पीडवाली दिली, खराब निघालेली ३२०० ची होती. ती घेतली, कारण आय५-८५०० तसाही २६६६ च्या वर रॅम चालवत नाही.

मेमरीचा एरर आला म्हणजे मेमरीच खराब असंही धरू नका. इंटेलच्या १३ व्या, १४ व्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरांवर गेम ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणून पडायचे, अन् २०२४ मध्ये कळलं की दोष प्रोसेसरला जाणाऱ्या जास्तीच्या व्होल्टेजचा आहे.

नवतप्यात भर दुपारी चारही पास साफ निघाले, गेम तेव्हापासून पडला नाही. मशीनला साडेचार कायम, दुकानाला दोन, तेही फक्त शेवटी स्टिक दिली म्हणून. अन् बिलाचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. माझं थर्मल कागदावरचं बिल कपाटात राहून पांढरं पडलं होतं, लाइफटाइम लिहिलेली ओळ मी आधी काढलेल्या फोटोतच उरली होती.