डग्लस डीसी-३: नव्वदीतलं राबतं विमान

१७ डिसेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालेलं हे विमान आजही काही ठिकाणी माल वाहतंय, आणि ते निव्वळ कौतुकापोटी नाही. जाड, भक्कम पंख आणि कमी वेगात उतरण्याची क्षमता यामुळे त्याला कच्ची धावपट्टीही चालते. ३१ ऑक्टोबर १९५६ ला दक्षिण ध्रुवावर उतरलेलं पहिलं विमान याच जातीचं होतं, चाकांना स्की लावलेलं.

मालासाठी साधारण अडीच-तीन टन धरा. जमिनीवर शेपूट खाली असल्याने आतली फरशी उतरती असते. दार मागे, म्हणजे प्रत्येक खोका चढावर ढकलायचा आणि लगेच बांधायचा. बांधणी ढिली राहिली तर माल मागे सरकतो, तोल बिघडतो. ही चूक जिवावर बेतते.

खरी मेहनत इंजिनाची. चौदा सिलिंडरचं ट्विन वास्प (या विमानाचं पिस्टन इंजिन) बंद असताना तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं. म्हणून सुरू करण्याआधी इग्निशन बंद असल्याची खात्री करून पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवा. अडला तर जोर लावू नका, उलटाही फिरवू नका. खालचे प्लग काढून तेल निथळू द्या, नाहीतर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो.

बाजूच्या वाऱ्यात उतरल्यावर विमान गर्रकन फिरू शकतं. वेग पूर्ण उतरेपर्यंत पाय रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलवरच हवेत.

अ‍ॅव्हगॅस (पिस्टन इंजिनाला लागणारं विमानाचं पेट्रोल) मिळत नसेल तर बास्लर बीटी-६७ घ्यावं, म्हणजे जेट इंधनावर चालणारं टर्बोप्रॉप इंजिन बसवलेलं डीसी-३. महाग, पण थंड प्रदेशात तेच बरं.