नॉर्थ कोस्ट ५००साठी इन्व्हर्नेसहून घेतलेली नऊ आसनी गाडी

स्कॉटलंडमध्ये शिकणाऱ्या आम्हा मराठी विद्यार्थ्यांच्या गटाने उन्हाळी सुट्टीत इन्व्हर्नेसहून नऊ आसनी गाडी भाड्याने घेऊन नॉर्थ कोस्ट ५०० हा मार्ग केला. इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघून देशाच्या उत्तर टोकाच्या किनाऱ्याने पुन्हा तिथेच आणणारा, सुमारे ८३० किलोमीटरचा हा मार्ग २०१५ पासून या नावाने ओळखला जातो. कंपनीचे नाव येथे देत नाही; गाडीविषयी आणि सेवेविषयी मात्र सविस्तर लिहितो.

गाडी उत्तम स्थितीत होती. टायर नवे, डिझेलची टाकी भरलेली आणि आतली स्वच्छता निर्दोष. परंतु नऊ आसने म्हणजे नऊ जणांचा प्रवास, हे समीकरण कागदावरच राहते. सर्व आसने भरली की मागे सामानासाठी जी जागा उरते, तीत प्रत्येकाची एक सॅक जेमतेम मावते, आणि वसतिगृहांच्या सामायिक स्वयंपाकघरात वरणभात करण्याच्या इराद्याने निघालेल्या गटाला कुकर व शिधा कोणाच्या तरी पायाशी ठेवावा लागतो. सात जणांना ही गाडी प्रशस्त आहे; नऊ जणांना ती केवळ कायदेशीर आहे.

खरी अडचण चालकांची. भारतीय परवान्यावर ग्रेट ब्रिटनमध्ये वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते, आणि त्यानंतर तिथली लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. नऊ आसनांपर्यंतच्या गाडीला वेगळा परवाना लागत नाही, ही जमेची बाजू. मात्र पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील, वर्षानुवर्षे गाडी चालवलेली मंडळी या १२ महिन्यांच्या अटीने बाद होतात. आणि नुकत्याच आलेल्या, परवाना ग्राह्य असलेल्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचे वय पंचवीसच्या आत असल्यामुळे त्यांच्यासाठी कंपनी दररोज वेगळा अधिभार लावते. त्यामुळे नकाशा उघडण्याआधी चालकांची यादी करावी, आणि तीत किमान दोन नावे असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सेवेविषयीची माझी मुख्य तक्रार इथेच आहे. संकेतस्थळावर दिसलेल्या दरात तरुण चालकाचा अधिभार नव्हता, दुसऱ्या चालकाचे शुल्कही नव्हते. दोन्ही रकमा अटींच्या मजकुरात होत्या, पण एकूण बेरीज काउंटरवर पोहोचल्यावरच समोर आली. अनामत रक्कम मुख्य चालकाच्या स्वतःच्या नावावरील क्रेडिट कार्डावरच रोखून धरली जाते. विद्यार्थ्यांकडे बहुधा डेबिट कार्ड असते, ही गोष्ट विद्यापीठांच्या देशात व्यवसाय करणाऱ्याला ठाऊक नसेल असे वाटत नाही. ही अट आरक्षणाच्या पहिल्याच पानावर ठळकपणे द्यायला हवी.

विम्याबाबतही सावध राहावे. भाड्यात मूळ विमा धरलेला असतो, तरी नुकसान झाल्यास ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम आपल्यालाच भरावी लागते. तिला तिथे एक्सेस म्हणतात. आमच्या करारात टायर, काचा आणि गाडीचा तळ यांना मूळ विम्याचे संरक्षण नव्हते, आणि कडेच्या खडीवर चाक उतरवावे लागणाऱ्या रस्त्यांवर नेमके तेच भाग धोक्यात असतात. एक्सेसचा स्वतंत्र विमा बाहेरच्या कंपनीकडून आधीच घेतला, तर तो काउंटरवरच्या योजनेपेक्षा बराच स्वस्त पडतो. मात्र त्यात पैसे आधी भरून नंतर परत मागावे लागतात, हे गटातल्या सर्वांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे, म्हणजे स्प्लिटवाइज या खर्चवाटपाच्या ॲपवरच्या हिशेबात नंतर कुरबुर होत नाही.

कर्मचाऱ्यांचे कौतुक मात्र मनापासून करावेसे वाटते. चावी देण्यापूर्वी एका बाईंनी एकाच गाडीपुरत्या रुंद, पण दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यांचे नियम शांतपणे समजावून सांगितले: समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी केलेली थांब्याची जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर तिथे आत शिरायचे, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचे, चढ चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची आणि मागून घाईत येणाऱ्या स्थानिकालाही पुढे जाऊ द्यायचे. त्या जागेत फोटोसाठी गाडी उभी करू नका, हेही त्यांनी दोनदा बजावले. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असल्याने भारतात शिकलेल्या चालकाला बाकी काही नवीन वाटत नाही. पण ॲपलक्रॉसकडे जाणारा, ६२६ मीटर उंचीपर्यंत चढणारा आणि काही ठिकाणी पाच मीटरला एक मीटर इतका तीव्र होणारा बिअलाख ना बा घाट दोन मीटर रुंद गाडीतून करताना वरंधा घाट सोपा वाटू लागतो. शिकाऊ चालक व कॅरव्हॅन यांनी या वाटेने जाऊ नये, असा फलकच पायथ्याशी आहे. शील्डेगकडून किनाऱ्याने जाणारा पर्यायी रस्ता लांबचा आहे, पण एवढ्या गाडीला तोच योग्य.

परतीची तपासणी प्रामाणिक होती. घेतेवेळी काढलेली छायाचित्रे पाहून जुना ओरखडा त्यांनी लगेच मान्य केला, आणि अनामत काही दिवसांत मोकळी झाली.

गाडीला पाचपैकी साडेचार आणि दर सांगण्याच्या पद्धतीला दोन गुण देईन. सहा-सात जणांच्या गटाने हीच गाडी घ्यावी; आठ-नऊ जण असतील आणि चार पात्र चालक मिळत असतील, तर दोन छोट्या मोटारी अधिक सोयीच्या पडतील.