झोळी, पाळणा, बाज की भुई: लेकराला ठेवायचं कुठे?

नणंद पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे येणार आहे, दिवाळीच्या सुमारास. तेव्हा कपाशीची वेचणी ऐन भरात असेल, घरात माणूस कमी. परवा फोनवर तिचा पहिला प्रश्न हाच होता, "वहिनी, पाळणा विकत घेऊ, की घरची झोळी चालते?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. माझी दोन लेकरं याच घरात मोठी झाली. झोळी, बाज, भुई, वॉकर, सगळं वापरून झालं आहे.

आधी बाजेचं सांगते, कारण तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही. थोरला चार महिन्यांचा होता. दुपारी त्याला बाजेवर निजवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि मी चहा ठेवायला गेले. सासूबाई ओसरीत तूर पाखडत होत्या. धप्प आवाज झाला. सूप तिथेच टाकून त्या माझ्याआधी पोचल्या. पोरगं खाली, उशी त्याच्या अंगावर. भुई शेणानं सारवलेली होती म्हणून टेंगळावर भागलं. आदल्या दिवसापर्यंत त्याला कूस वळता येत नव्हतं! लेकरू साधारण चौथ्या महिन्यापासून कधीही वळतं, आणि पहिला दिवस कळवून येत नाही. उशीनं पडणं थांबत नाही, उलट ती तोंडावर येते. झोळीला सगळे नावं ठेवतात, पण आमच्या गावात पडलेली बहुतेक लेकरं बाजेवरूनच पडलेली मी पाहिली आहेत. लेकरू पडल्यावर ओकू लागलं, सुस्त झालं किंवा नेहमीपेक्षा वेगळं रडू लागलं, तर वाट न बघता दवाखाना. 108 ला फोन.

झोळी स्वस्त, हवेशीर, आणि रडणारं पोर तिच्यात लवकर निजतं, हे खरंच. पण तिच्यात लेकरू कमानीसारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते, आणि तान्ह्याचा श्वास तेवढ्यानंही कोंडतो. त्याचा आवाजही होत नाही. म्हणून माझा नियम असा: झोळी निजवायला, झोपवून ठेवायला नाही. दोरी हातात आहे तोवर झोळीत, डोळा लागला की उचलून सपाट जागी, उताणं. वळायला लागलं की झोळी बंदच. बांधायची ती गुडघ्याइतक्या उंचीवर, खाली गोधडी, चुलीपासून लांब. आणि वर बघायचं. टिनाच्या घरात नायलॉनची दोरी लोखंडी अँगलवर घासते तिथे ती पांढरी, केसाळ होते. आमची तशी झाली होती आणि महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. घरी येऊन बाळ तपासायची ही रीत आपल्या गडचिरोलीतच डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभी केली. वजन झालं की त्यांना झोळीची गाठही दाखव.

पाळण्याला पैसे पडतात, पण रात्रीसाठी माझं मत त्यालाच. आईच्या अंथरुणाशेजारी, झोका खिळीनं अडकवून, गादी घट्ट, वर मच्छरदाणी. दांड्यांमधली फट 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. दुकानात पट्टी घेऊनच जा, दुकानदार हसला तरी चालेल. मोहरीची उशी, रजई, वर लोंबणारा चिमण्यांचा गोफ, गळ्यातला काळा दोरा, यातलं काहीही आत नको. सासूबाईंशी दोऱ्यावरून माझं वाजलं होतं; शेवटी तो मनगटावरही नाही, पाळण्याच्या बाहेर, खुंटीला बांधला. दोघींचं समाधान झालं. लेकरू धरून उभं राहू लागलं की पाळणाही सोडायचा.

दिवसा जागं असेल तर भुईसारखी जागा नाही. सतरंजी अंथर, समोर बसून पालथं घाल, मान धरायला तिथेच शिकतं. रात्री मात्र भुई नको, पावसाळ्यात तर नाहीच. मण्यार रात्रीच फिरते, भुईवर निजलेल्यालाच बहुधा चावते, आणि दुखत नसल्यानं कळतही नाही. विंचवाचं वेगळं सांगायला नको. भुईवरच निजायची वेळ आली तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचून घे.

तुझं पोर रांगायला लागेल तो मे-जून असेल, म्हणजे कूलरचे दिवस. लोखंडी कूलर, खाली पाणी, ओली फरशी आणि ओले हात. वायरमनकडून अर्थिंग तपासून घे, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवून घे, आणि पाणी भरताना पिन काढलेलीच असू दे. न्हाणीतली बादली पालथी; वीतभर पाणीही बुडायला पुरतं. फवारणीचं औषध कोठ्यात कुलपात, आणि त्याचा रिकामा डबा घरात कशालाही नाही. 2017 साली यवतमाळात फवारणीनं मोठी माणसं गेली, लेकराला तर घोटभर पुरे.

वॉकर मामा हौसेनं आणेल. परत पाठव. त्यावर बसलेलं पोर क्षणात उंबरठ्यापाशी पोचतं, आपल्या ओट्याला कठडाही नसतो. त्यानं चालणं लवकर येतं हाही गैरसमजच. कॅनडानं 2004 मध्ये वॉकरची विक्रीच बंद केली. त्यापेक्षा आपला लाकडी पांगुळगाडा बरा: पोर स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं, थांबलं की गाडा थांबतो. मोठं माणूस सोबत हवंच. आमचा माळ्यावर पडून आहे. मागच्या चाकाची खीळ तेवढी गेली आहे. बाजाराच्या दिवशी सुताराकडे टाकते.