चित्रकलेची सुरुवात: वस्तू समोर ठेवून की फोटोवरून?

फोटोत वस्तूची खोली कागदासारखी सपाट करण्याचं काम कॅमेऱ्यानं आधीच उरकलेलं असतं. नवशिक्याला शिकायचं असतं नेमकं तेच. म्हणून पहिले दोन-तीन महिने वस्तूच समोर असावी, असं आमचं मत आहे. फोटो वाईट नाही, पण त्याची जागा नंतरची.

वस्तूवरून काढायला फार काही लागत नाही: तांब्या, कांदा, काड्यापेटी, ए-३ कार्ट्रिज कागद, एचबी आणि ४बी पेन्सिल. ट्यूबलाइट बंद करून एका बाजूनं टेबललॅम्प लावा, म्हणजे सावली एकच आणि स्पष्ट पडते. खिडकीचा उजेड छान असतो, पण तासाभरात सावली सरकते. मांडणीच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतरावर बसा.

प्रमाण घेताना कोपर ताठ, एक डोळा मिटलेला आणि पेन्सिल नजरेच्या रेषेला काटकोनात. टोकापासून अंगठ्याच्या नखापर्यंत तांब्याची रुंदी पकडा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहा. कोपर जरा वाकला की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि आधीचं माप फुकट जातं.

सगळ्यात जास्त अडकायला होतं ते लंबवर्तुळात, म्हणजे गोल तोंड किंवा बूड तिरकं पाहिल्यावर दिसणाऱ्या चपट्या गोलात. तांब्याचं तोंड नजरेच्या पातळीखाली, बूड त्याहून खाली. त्यामुळे तोंडापेक्षा बुडाची कड अधिक वळलेली दिसते. नवशिके मात्र बूड पट्टीनं आखल्यासारखं सरळ काढतात, कारण ते टेबलावर सपाट टेकलंय हे त्यांना ठाऊक असतं. डोळ्यांपेक्षा डोकं जोरात बोलतं! लंबवर्तुळाच्या दोन्ही कडांना अणकुचीदार कोपरे येणं ही दुसरी नेहमीची चूक. तिथेही रेषा वळायलाच हवी.

कागद टेबलावर सपाट ठेवला तर चित्र उभट होतं. कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून दूर असल्यानं आखूड दिसतो आणि हात नकळत तो ताणून घेतो. कागद फळीवर लावा आणि फळीमागे पुस्तकं ठेवून ती तिरपी करा.

फोटोची सोय उघड आहे: मांजर हलत नाही, उजेड सरकत नाही, रात्री अकरालाही बसता येतं. चौकटी आखून काढायचं तर १२×१६ सेंमी फोटोवर २ सेंमीच्या ४८ चौकटी आणि कागदावर ४ सेंमीच्या तेवढ्याच. चित्र हुबेहूब दुप्पट होतं, घरचे खूश होतात. पण प्रमाण चौकटींनी ठरवलेलं असतं, तुम्ही नाही. फक्त मधली एक उभी आणि एक आडवी रेषा ठेवली, तर निदान निम्मं काम डोळ्यांकडे राहतं.

मोबाइलची मुख्य लेन्स बरंच रुंद दृश्य टिपते, म्हणून चेहरा मोठा दिसावा यासाठी आपण फार जवळ जातो आणि इतक्या जवळून घेतलेल्या चेहऱ्यात नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दीड-दोन मीटर मागे जाऊन दुप्पट झूम करा. सावलीतले बारकावे कधी काळे होतात, कधी फोन ते आपोआप उजळून सपाट करतो.

इलेमेंटरी ग्रेड परीक्षा द्यायची असेल तर प्रश्नच नाही, वस्तुचित्राला मांडणी समोर असते. व्यक्तिचित्राची ओढ असणाऱ्यांनी फोटो वापरावा, पण सोबत आठवड्यातून दोनदा आरशात पाहून स्वतःचा चेहरा काढावा.

दोन्हींचा मेळ घालायचा असेल तर वस्तूवरून चित्र पूर्ण करा, मग त्याच जागेवरून, डोळ्यांच्याच उंचीवर फोन धरून फोटो घ्या आणि तो चित्राशेजारी ठेवा. रुंदी-उंचीचं प्रमाण आणि लंबवर्तुळाचा फुगीरपणा, एवढंच तपासा.