पुएर्तो वायार्ता, शाकाहारी इंदूरकराच्या जिभेने

मेक्सिकोतल्या या किनारी शहरात समुद्र छानच, पण आम्ही इंदूरचे. दिवेलागणीला पाय खाण्याकडेच वळतात. मालेकोनवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या फिरायच्या रस्त्यावर, गाडीवाल्याकडे एस्कितेस घ्या. उकडलेले मक्याचे दाणे, मेयोनीज, खारट चीज, तिखट, वर लिंबू. आमच्या सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, भुट्ट्याच्या किसाचा लांबचा मावसभाऊच! मेयोनीज अंड्याचं असतं, बरं का. घोटलेला राजमा मागवताना आधी ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबी नको, असं म्हणा. त्यात अनेकदा डुकराची चरबी घालतात.

तुबा मात्र सोडू नका. माडाचा गार रस तुंब्यातून ओततात, वर सफरचंदाचे तुकडे. माडातून रस काढायची ही विद्या मनिलाच्या गलबतांतून फिलिपिनो खलाशांबरोबर तिथे पोचली. सौ.ला फार गोड लागला. तिचाही ग्लास मीच संपवला.